कोपऱ्यातली आद्याक्षरं

द्वारकेच्या सेक्टर बारामधल्या त्या सोसायटीची लिफ्ट सावकाश चढते. तळमजल्यापासून सातव्या मजल्यापर्यंत पोचेस्तोवर दिल्लीतला माणूस शेजाऱ्याची सगळी चौकशी उरकून घेतो. खुरानाजी त्या मजल्यावर नव्यानेच राहायला आले होते. त्यांनी काशीनाथ गजभियांना आधी गाव विचारलं, मग कोणत्या मंत्रालयातून निवृत्त झालात ते विचारलं, आणि शेवटी शेजारी भाजीची पिशवी घेऊन उभ्या असलेल्या सिद्धांतकडे हनुवटी वळवून म्हणाले, "बेटा क्या करता है?"

"प्रायव्हेट में है," काशीनाथ म्हणाले. "नोएडा में."

"आई.टी.?"

"वैसा ही कुछ."

सिद्धांत लिफ्टच्या आकड्यांकडे बघत राहिला. त्यात खोटं काही नव्हतं. नोकरी खासगीच होती आणि नोएडातच होती. भंडाऱ्याकडच्या नातेवाइकांना, मयूर विहारात रविवारच्या बुद्धवंदनेला जमणाऱ्या कुटुंबांना, जुन्या कार्यालयातल्या सहकाऱ्यांना, सगळ्यांना गेली तीन वर्षं हेच उत्तर मिळत होतं: सिद्धांत खासगीत आहे. पुढे कोणी खोदून विचारलं नाही, कारण काशीनाथ गजभियांना खोदून विचारायची कोणाची छाती नव्हती.

आठवड्यातून चार संध्याकाळी सिद्धांत काशीनाथ गजभिये देशभरच्या घरांत टीव्हीवर दिसायचा, म्हणजे खरं तर दिसायचा नाही. 'ध्रुव-पार' नावाच्या हिंदी विज्ञानमालिकेत तो ओरूचं काम करायचा. ध्रुवताऱ्यापलीकडे निघालेलं एक अवाढव्य यान, त्यात वसलेलं माणसांचं शहर, आणि त्या शहराचा दप्तरदार ओरू. हा परग्रहावरचा. यानावर कोण जन्मलं, कोण वारलं, कोणाची काय तक्रार, कोणाला काय शिक्षा, सगळ्याची नोंद ओरूकडे. त्याच्या जमातीच्या अंगावर दगडासारखं कवच असतं, असं मालिकेत ठरलेलं होतं. ते कवच म्हणजे सिलिकॉनचे तुकडे. कपाळाचा एक, गालांचे दोन, हनुवटीचा एक, मानेवर कॉलरसारखा बसणारा एक. सिद्धांतच्या चेहऱ्याचा प्लास्टरमध्ये साचा घेऊन त्यावर ते घडवलेले होते. मेकअपवाला राघव रोज सकाळी ते एकेक करून डिंकाने चिकटवायचा, आणि संध्याकाळी तेवढ्याच सावकाशीने सोडवायचा. मधल्या वेळात जेवण नाही. स्ट्रॉने ताक, फार तर पातळ खिचडी.

"तुझं काम असं," मीराबाई, म्हणजे सिद्धांतची आई, एकदा म्हणाल्या होत्या, "की बायकांना घरी बोलावून दाखवायला गेले, हा बघा माझा मुलगा, तर नुसता दगड दिसतोय. त्यापेक्षा त्या पोलिसांच्या मालिकेत प्रेत झाला होतास ते बरं. तोंड तरी दिसलं होतं."

ते खरं होतं. ओरूआधीच्या सात वर्षांत सिद्धांत मंडी हाउसच्या नाटकांत राबला, शाळांमधून नाट्यशिबिरं घेतली, आणि गुन्हेगारीच्या मालिकांत अनेकदा हवालदार आणि एकदा प्रेत झाला. त्याआधीची वर्षं राजेंद्र नगरच्या कोचिंग क्लासात गेली होती. तो हिशेब काशीनाथांच्या मनात आजही मिटलेला नव्हता, असं सिद्धांतला वाटायचं.

काशीनाथ पवनीजवळच्या खेड्यातून आले. घरातले पहिले सरकारी नोकर. दिल्लीत खालच्या पायरीवर चिकटले आणि अवर सचिव होऊन निवृत्त झाले. सिद्धांतचं बालपण लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये गेलं. तिथे शेजारी केरळचे, समोर बिहारचे, वर ओडिशाचे, आणि सगळ्यांचे वडील संध्याकाळी एकाच बसमधून उतरायचे. काशीनाथांच्या हातात लिखाण होतं. मंत्रालयाचं अवघड पत्र असलं की मसुदा त्यांच्याकडे यायचा. ते लिहायचे, ते टंकून व्हायचं, आणि सही व्हायची संयुक्त सचिवांची. कार्यालयात राहणाऱ्या प्रतीवर खाली डाव्या कोपऱ्यात मसुदा लिहिणाऱ्याने बारीक आद्याक्षरं करायची पद्धत असते. तिथे 'का. ग.' एवढं उरायचं. कधी कधी त्या पत्रातली वाक्यं वर्तमानपत्रात छापून यायची. मग काशीनाथ मीराबाईंना वाचून दाखवायचे: हे वाक्य माझं, हेही माझं, हे मात्र साहेबांनी बिघडवलं.

त्यांना याचा राग नव्हता. त्यांनी त्यातून फक्त एक निष्कर्ष काढला होता आणि मुलगा आठवीत असताना त्याला तो सांगून टाकला होता: "मी मसुदा लिहिला. तू सही कर."

म्हणून यूपीएससी. सिद्धांत पूर्वपरीक्षा दोनदा पास झाला, मुख्य परीक्षेत दोन्ही वेळा राहिला. पुढच्या वर्षी फॉर्मची मुदत संपल्यावर काशीनाथांनी सकाळी चहाच्या वेळी विचारलं, "फॉर्म?"

"नाही भरला."

काशीनाथांनी हातातलं वर्तमानपत्र घडी करून टेबलावर ठेवलं, खालच्या डाव्या कोपऱ्यावर मधलं बोट हलकेच टेकवलं आणि आत निघून गेले.

ही त्यांची सवय होती. विजेचं बिल असो, लग्नपत्रिका असो, मुलाचं प्रगतिपुस्तक असो, वाचून झालं की ते डाव्या कोपऱ्यावर एकदा बोट टेकवायचे. आद्याक्षरं करायला पेन नसलं तरी बोट तिथे जाऊन यायचं. म्हणजे वाचलं आणि नोंद घेतली. लहानपणी सिद्धांतला त्या बोटाची भीती वाटायची.

'ध्रुव-पार'च्या पहिल्या दिवशी तेच बोट कामाला आलं. पटकथेत ओरू विनोदी होता. सारखे नियम सांगणारा परग्रहावरचा बाबू, ज्याला बाकीचे हसतात. कवच चढल्यावर सिद्धांतच्या लक्षात आलं की आपला चेहरा आता आपल्याजवळ नाही. डोळे, मान आणि हात, एवढीच सामग्री. दिग्दर्शक वृंदा माथुर मॉनिटरमागून म्हणाली, "मुझे कुछ दिख नहीं रहा, सिद्धांत. कुछ और दो." समोर आतून उजळणारी दिव्याची एक पाटी होती, ओरूचं दप्तर. त्याने ती वाचली, सरळ केली, खाली ठेवली, आणि विचार न करता डाव्या कोपऱ्यावर मधलं बोट टेकवलं.

"ये क्या था?" वृंदाने विचारलं.

"पता नहीं."

"रख लो."

त्या दिवसापासून ओरूच्या अंगात एक जुना सरकारी माणूस शिरला. चष्मा नसतानाही चष्म्यावरून बघितल्यासारखं बघणारा, बसण्याआधी खुर्चीची पाठ एकदा धरणारा, समोरचा कितीही ओरडला तरी वाक्य पूर्ण करणारा. हसण्यासाठी लिहिलेल्या पात्राला लोक हसेनात. लेखकांनी महिनाभरात त्याचे विनोद काढले आणि त्याला निर्णय द्यायला सुरुवात केली. वर्षभरात मालिकेतलं सगळ्यांत भरवशाचं पात्र ओरू झालं.

सिद्धांत मेट्रोने जायचा. द्वारका सेक्टर बाराला बसलं की तीच निळी गाडी थेट नोएडा सेक्टर सोळाला सोडते. पुस्तक वाचत जायला पुरेल इतका लांबचा प्रवास. त्याला कोणी ओळखण्याचा प्रश्नच नव्हता. एकदा यमुना बँक स्टेशनाच्या पुढे शाळेच्या गणवेशातली एक मुलगी त्याच्या शेजारीच मोबाइलवर ओरूचा प्रसंग बघत होती. प्रसंग संपल्यावर तिने मोबाइल पालथा केला, त्याच्या डाव्या कोपऱ्यावर बोट टेकवलं, आणि मैत्रिणीला गंभीरपणे म्हणाली, "दर्ज हो गया." हे ओरूचं वाक्य, नोंद झाल्याचं. मैत्रीण हसली. सिद्धांत खिडकीतून नदीकडे बघत राहिला. पवनीच्या माणसाचं बोट आता अक्षरधाम स्टेशनाच्या अलीकडे एका अनोळखी मुलीच्या हातात होतं, आणि त्याची हकिगत घरी सांगायची सोय नव्हती.

तिसऱ्या वर्षी पटकथेत तो भाग आला ज्याची मीराबाई वाट बघत होत्या. ओरूच्या जमातीत कवच आयुष्यात एकदाच उतरवतात, ज्यांना आपलं मानलं त्यांच्यासमोर. ओरू यानातल्या माणसांसमोर ते उतरवणार होता. आतला चेहरा दिसणार होता. ही बातमी मीराबाईंनी सोसायटीत पसरवली नाही, पण आपली इस्त्रीवाली, खालच्या मजल्यावरच्या अलकनंदाताई आणि नागपूरची बहीण यांना सांगितली, म्हणजे ती पसरलीच. काशीनाथ फक्त एकदा जेवताना म्हणाले, "तारीख ठरली का?" आणि पुन्हा वरणाकडे वळले. सिद्धांतला तो प्रश्न पुरला. गजभियांचं नाव आणि तोंड एकदा एका जागी दिसेल, आणि मग लिफ्टमध्ये 'वैसा ही कुछ' म्हणावं लागणार नाही, असं त्याने मनाशी धरलं.

ऑक्टोबरच्या शेवटी त्याला चॅनेलच्या कचेरीत बोलावलं. त्याआधी त्याची 'लुक टेस्ट' झाली होती. म्हणजे कवचाशिवाय दिव्यांखाली बसवून वेगवेगळ्या कोनांतून चित्रीकरण. तिथल्या एका मुलीने त्याच्या गालावर त्याच्या रंगापेक्षा फिकी पावडर लावली, मग आणखी फिकी. शेवटी मॉनिटरवर पाहिलेला चेहरा सिद्धांतलाच ओळखू येईना.

चॅनेलचे साहेब सभ्य माणूस होते. त्यांनी कॉफी मागवली. म्हणाले, ओरू ही आमची शान आहे. म्हणाले, प्रेक्षकांना एक फ्रेश फेस द्यायचा विचार आहे. रंगाबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. टेबलावर मानस नावाच्या नटाचे फोटो ठेवलेले होते, जो फेसवॉशच्या जाहिरातीत दिसायचा. कवच उतरेपर्यंत सिद्धांत, उतरल्यावर मानस. मालिकेत पुढेही मानसच.

"आवाज़ आपकी ही रहेगी," साहेब म्हणाले. "डबिंग. लोग आवाज़ से जुड़े हुए हैं."

"और हाथ?" सिद्धांतने विचारलं.

"हाथ मतलब?"

"ओरू के हाथ."

साहेबांना हा विनोद वाटला आणि ते मोकळेपणाने हसले. सिद्धांतने कॉफी संपवली. तो म्हणाला, चेहरा माझा नसेल तर आवाजही नाही आणि उद्यापासून कवचही नाही.

"मास्क तो किसी को भी पहना सकते हैं, सिद्धांतजी," साहेब म्हणाले. आवाज चढवला नाही.

"पहना लीजिए."

तो नोएडाहून द्वारकेपर्यंत उभ्याने आला. बसायला जागा होती, पण त्याला बसवेना. वयाच्या चौतिसाव्या वर्षी हातातलं एकमेव मोठं काम त्याने कॉफीच्या कपाएवढ्या वेळात सोडलं होतं, आणि ते कशासाठी सोडलं हे ज्याला सांगायचं तो माणूस ते काम मोजतच नव्हता. घरी त्याने सांगितलं, शूटिंगला सुट्टी आहे. मीराबाईंनी लगेच भरल्या वांग्यांचा बेत केला.

नोव्हेंबर म्हणजे पेन्शनरांच्या हजेरीचा महिना. आपण जिवंत आहोत असा दाखला दर वर्षी द्यावा लागतो. पूर्वी त्यासाठी बँकेत रांग लागायची, आता मोबाइलला तोंड दाखवलं की चालतं. सिद्धांत घरी होता म्हणून काशीनाथांनी ते काम काढलं. उजेडासाठी बाल्कनीत खुर्ची टाकली, सदऱ्याचं वरचं बटण लावलं आणि पासपोर्टच्या फोटोला बसावं तसे बसले. सिद्धांतने मोबाइल धरला. मोबाइल म्हणाला, डोळे मिचकावा. काशीनाथ मिचकावेनात.

"बाबा, पापण्या हलवा."

"हलवल्या."

"नाही हलवल्या. तुम्ही रोखून बघताय."

"एवढी वर्षं साहेबांसमोर पापणी हलवली नाही त्यांनी," मीराबाई आतून म्हणाल्या, "आता मोबाइलसमोर कुठून हलवणार."

चौथ्या खेपेला जमलं. हिरवी खूण आली. काशीनाथांनी बटण सोडलं. "चला, वर्षभर जिवंत," ते म्हणाले. "तोंड दाखवलं की झालं. जन्मभर काय काम केलं ते कोणी विचारत नाही."

सिद्धांतला त्या क्षणी सगळं सांगून टाकावंसं वाटलं. पण काशीनाथ खुर्ची उचलून आत गेले होते.

त्याच संध्याकाळी मालिकेच्या वेळेला मीराबाईंनी टीव्ही लावला. सिद्धांत म्हणाला, आज नको. त्या म्हणाल्या, तू नको बघू. काशीनाथ नेहमीप्रमाणे कोपऱ्यातल्या खुर्चीत वर्तमानपत्र उघडून बसले. मालिकेच्या वेळी ते कायम वर्तमानपत्र वाचायचे, सकाळी वाचून झालेलंच.

ओरू पडद्यावर आला. तेच कवच, तोच अंगरखा. जबड्याखाली कवच जरासं सुटलेलं होतं, पण तिथे सावली पाडून ते झाकलं होतं. आवाज कोणीतरी बऱ्यापैकी नकलला होता. ओरूने दिव्याच्या पाटीवर नजर फिरवली, ती खाली ठेवली आणि खुर्चीत बसला.

काशीनाथांनी वर्तमानपत्र खाली केलं.

"हा कोण आहे?"

"कोण म्हणजे? ओरू," मीराबाई म्हणाल्या.

"ओरू नाही विचारलं. आत कोण आहे?"

काशीनाथ सिद्धांतकडे वळले. "हा तू नाहीस."

"कशावरून?"

"पाटी ठेवली आणि बसला. वाचलीच नाही त्याने." त्यांनी मांडीवरच्या वर्तमानपत्राच्या डाव्या कोपऱ्यावर बोट टेकवलं. "हे राहिलं. खुर्चीही धरली नाही."

मीराबाईंनी टीव्हीचा आवाज बंद केला. त्यांना वेगळाच प्रश्न पडला होता. "तुम्ही हे कधी बघता हो?"

"दुपारी. पुनःप्रसारण असतं."

"दुपारी तर तुम्ही झोपता."

"तू झोपतेस."

सिद्धांतने विचारलं, "तुम्हाला माहीत होतं? मी तुमचं करतोय ते?"

"पहिल्या आठवड्यापासून," काशीनाथ म्हणाले. "चष्म्यावरून बघणं बरं जमलंय. मान मात्र जास्त हलवतोस. मी एवढी हलवत नाही."

"हलवता," मीराबाई म्हणाल्या.

"मग सगळ्यांना खासगीत आहे, खासगीत आहे, असं का सांगता?" सिद्धांत म्हणाला.

काशीनाथांनी चष्मा काढला. "काय सांगू? माझा मुलगा रोज संध्याकाळी टीव्हीवर माझी नक्कल करतो आणि ती लोकांना आवडते, हे लिफ्टमध्ये कसं सांगायचं? सातव्या मजल्यापर्यंत पुरं होईल का ते?"

मग सिद्धांतने सांगितलं. लुक टेस्ट, फिकी पावडर, मानसचे फोटो, डबिंग, कॉफी. काशीनाथांनी फाइल ऐकावी तसं ऐकलं, मध्ये न बोलता. ऐकून झाल्यावर त्यांनी दोनच प्रश्न विचारले. हे त्यांनी लेखी दिलं का? नाही. तू लेखी दिलंस का? नाही.

"चूक केलीस," ते म्हणाले. "नकार नेहमी लेखी द्यावा. बाकी ठीक आहे."

"ठीक आहे म्हणजे?"

"म्हणजे जाऊ नकोस परत. त्यांच्या अटीवर नको." त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. "तुला वाटत असेल, बाबांनी जन्मभर दुसऱ्याच्या सहीसाठी लिहिलं, मग मी आवाज दिला तर काय बिघडलं. पण ती नोकरीच तशी होती, ते आधीपासून ठरलेलं होतं. आणि कोपऱ्यातली आद्याक्षरं माझी होती. मी निवृत्त झालो तरी त्या फायलींत ती आहेत. कोणी पुसली नाहीत. हे चॅनेलवाले तुझी पुसायला निघालेत. मसुदा तुझा, सही त्यांची, आणि कोपराही त्यांचाच. असं तर आमच्याकडेही नव्हतं."

सिद्धांतने त्याच रात्री इमेल लिहिली. काशीनाथांनी ती दोनदा वाचली, एक विशेषण काढायला लावलं आणि म्हणाले, पाठव. वृंदाला प्रत दे.

पुढचे तीन आठवडे तो घरीच होता. बदली ओरूला घेऊन काही भाग चित्रित झालेले होते आणि ते ठरल्या संध्याकाळी लागत होते. मालिकेच्या चाहत्यांच्या गटांत कोणीतरी विचारलं, ओरू आजारी आहे का? कोणीतरी म्हणालं, लेखक बदलला. कोणीतरी दोन ओरूंचे हात शेजारी शेजारी लावून दाखवले. त्याने चॅनेल हललं असं म्हणता येणार नाही. हलवलं ते एका साध्या अडचणीने. वृंदाने कवच उतरवण्याचा प्रसंग एकाच सलग शॉटमध्ये घ्यायचं ठरवलेलं होतं. कॅमेरा थांबणार नाही, कट होणार नाही, तुकडे एकेक करून उतरतील आणि आतला माणूस बाहेर येईल. जाहिरातीही तशाच चालू झाल्या होत्या. म्हणजे ज्याचा चेहरा दिसणार त्याच्याच चेहऱ्यावर कवच चढायला हवं. मानसला बोलावलं. राघवने कपाळाचा तुकडा लावून पाहिला, तो भुवयांवर लोंबला. गालाचा लावला, तो कानापाशी उठला. कवच घडवलेलं होतं दुसऱ्याच माणसाच्या हाडांवर. नवा साचा घ्यायचा तर ओरू वेगळा दिसणार होता, आणि प्रसारणाची तारीख जाहीर झालेली होती. चॅनेलने वृंदाला सुचवलं, कट घ्या. वृंदा म्हणाली, कट घेणार नाही, हवं तर दिग्दर्शक बदला. तिने सिद्धांतची इमेल वाचली होती की नाही हे तिने कधी सांगितलं नाही.

राघवने फोनवर सांगितलं, मानसने स्वतःच आरशात बघून गालाचा तुकडा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "यार, ये तो किसी और का चेहरा है." दुसऱ्या दिवशी वृंदाचा फोन आला. सिद्धांतने एवढंच विचारलं, पावडर?

"मुझे कब चाहिए थी?" वृंदा म्हणाली.

शॉट तीनदा घ्यावा लागला. पहिल्यांदा डिंक सुटेना. दुसऱ्यांदा दिवा उडाला. तिसऱ्यांदा ओरूने मानेपासून सुरुवात केली. कॉलर, हनुवटी, एक गाल, दुसरा गाल, कपाळ. खाली घामाने भिजलेला, डिंकाने जागोजागी लाल झालेला, पवनीच्या उन्हात पिढ्यान्‌पिढ्या भाजलेल्या माणसांचा काळा, रुंद चेहरा होता. पटकथेत लिहिलं होतं: ओरू हसतो, डोळ्यांत पाणी. सिद्धांतने ते केलं नाही. तो समोरच्यांकडे चष्म्यावरून बघावं तसं बघत राहिला. मग समोरची पाटी सरळ केली, डाव्या कोपऱ्यावर बोट टेकवलं, खुर्चीची पाठ धरली आणि बसला. वृंदाने बराच वेळ कट म्हटलं नाही.

प्रसारणाच्या दिवशी काशीनाथांच्या हातात वर्तमानपत्र नव्हतं. मीराबाईंनी अलकनंदाताईंना बोलावलं होतं, पण नंतर स्वतःच कळवलं की उद्या या, आज घरचेच बसतो. चेहरा दिसला तेव्हा मीराबाई म्हणाल्या, "किती वाळलाय." आणि पदराने चष्मा पुसायला लागल्या, त्यामुळे पुढचं त्यांना नीट दिसलं नाही. काशीनाथ शेवटपर्यंत ताठ बसून होते. शेवटी पडद्यावर नावं आली. ओरूच्या नावासमोर 'सिद्धांत काशीनाथ गजभिये' आलं. वडिलांच्या नावासकट लिहा, हे त्याने तीन वर्षांपूर्वीच कंपनीला सांगितलं होतं. काशीनाथांनी दुपारच्या पुनःप्रसारणात ते किती वेळा वाचलं असेल, हे सिद्धांतने त्यांना विचारलं नाही.

"या वेळी मान बरोबर होती," काशीनाथ म्हणाले.

सिद्धांत म्हणाला, "लक्ष ठेवलं होतं."

दोन दिवसांनी बापलेक बाजारातून परत आले तेव्हा लिफ्टमध्ये खुरानाजी होते. त्यांनी सिद्धांतकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि तक्रारीच्या सुरात काशीनाथांना म्हणाले, "गजभिये साहब, पोती कह रही है वो ओरू आपका लड़का है. आप तो कह रहे थे प्रायव्हेट में है."

"प्रायव्हेट में ही है," काशीनाथ म्हणाले. "एक्टर है."

लिफ्ट नेहमीसारखीच सावकाश चढत होती. चौथा मजला गेला. काशीनाथांना अजून काही सांगायचं आहे हे सिद्धांतला त्यांच्या मानेवरून कळलं.

"चेहरा उसका है," ते म्हणाले. "हाथ मेरे हैं."

खुरानाजींनी त्यांच्या हातांकडे पाहिलं. त्यांत मेथीच्या दोन जुड्या होत्या.